भांड्यांच्या दुकानातली पायरी

"तुमचे वडील पडलेत दुकानात. येऊन घेऊन जा."

फोनवरचं हे वाक्य मी अजून विसरलेले नाही आणि विसरायची इच्छाही नाही. दळण झालं की गिरणीवाला देतो तसा निरोप: घेऊन जा. मी तेव्हा वेल्ह्याच्या बाजूला एका जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या मुलांना भागाकार शिकवत होते. हातातला खडू तसाच धरून विचारलं, "लागलंय का कुठं? शुद्धीवर आहेत ना?" पलीकडचा आवाज म्हणाला, "तसं काही नाही ओ, किरकोळ आहे. पण तुम्ही या लवकर. गिऱ्हाइकाची वेळ आहे."

म्हणजे जो माणूस दुकानात येऊन आपटला, तो गिऱ्हाईक नव्हता. पडला त्या क्षणी तो गिऱ्हाइकाचा अडथळा झाला. हा विचार मला नसरापूरपर्यंत स्कूटीवर पुरला, आणि तिथून भोर येईपर्यंत मी त्यात भरच घालत गेले.

पडले होते ते आमचे आबा. मी आणि आबा कामथडीला राहतो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आबा एसटीत कंडक्टर होते. वरंध घाटाच्या वळणांवर, गाडी डावी-उजवी झोके खात असताना, कशालाही न धरता त्यांनी आयुष्यभर तिकिटं फाडली. "चालत्या गाडीत म्या कधी दांडी धरली न्हाई," हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा झालंय की भिंतींनाही पाठ असेल. प्रत्येक थांब्यावर ते दारात उभं राहून एकच आरोळी द्यायचे, "पायरी बघून उतरा!" म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोटुशा बाईला, कॉलेजच्या पोरांनाही. मी लहान असताना घराच्या ओट्यावरून उतरतानासुद्धा मला ती आरोळी ऐकू यायची आणि माझं डोकं उठायचं.

निवृत्त झाल्यावर दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी एकट्यानं भोरला जायचं, हा त्यांचा नेम. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. दाढी करायची, जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांबरोबर चहा घ्यायचा, कोण गेलं कोण आजारी आहे ते ऐकायचं, आणि घरी सांगितलेली एखादी वस्तू घेऊन संध्याकाळच्या आत परत. वस्तू हे निमित्त असायचं. पण निमित्त लागायचं, म्हणून मी मुद्दाम काहीतरी सांगत असे. त्या आठवड्यात मी कुकरची रबरी रिंग सांगितली होती. रिंग मापाची मिळावी म्हणून माणसं कुकरचं झाकण बरोबर नेतात, तसं आबाही काखेत झाकण घेऊन गेले होते.

मी पोहोचले तेव्हा आबा दुकानाच्या बाहेर, रचलेल्या घमेल्यांच्या आड एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. आत नाही, बाहेर. फरशीवर रक्त पडू नये म्हणून. भुवईवर हळद दाबलेली, त्यावर भांडी पुसायचं फडकं धरलेलं. पांढऱ्या शर्टावर गळ्यापासून खिशापर्यंत हळदीचे आणि रक्ताचे ओघळ. डावं मनगट सुजून वर आलं होतं आणि त्या मनगटानंच त्यांनी झाकण पोटाशी धरून ठेवलं होतं. मला बघून ते हसले. पकडल्यासारखं हसले.

"चक्कर आली असंल," ते म्हणाले.

"चक्कर आली का खरंच?"

"शेठ म्हनत्यात."

शेठ म्हणजे दुकानाचे मालक. माझ्याच वयाचे, बोलायला मऊ, कपाळाला गंध. त्यांच्या वडिलांपासून आमचं दुकान तेच. माझ्या बारशाच्या वाटी-चमच्यापासून आमच्या घरातलं प्रत्येक भांडं तिथलं. शेठ लगबगीनं बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, काही काळजी करू नका. काकांना चक्कर आली. शुगर आहे का त्यांना? बीपी? सकाळी काही खाल्लं होतं का? आणि ही चप्पल बघा, तळ गुळगुळीत झालाय. या वयात अशी चप्पल घालू देऊ नका."

एवढे प्रश्न विचारले. दुखतंय कुठं, हा एक सोडून.

मी आबांची पिशवी आणायला आत गेले. दुकान मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. पूर्वी ते अंधारं होतं, उंबऱ्याचा दगड झिजून खोल गेलेला, पण तो सगळ्यांना ठाऊक होता. आता शेजारचा गाळा घेऊन दोन्ही एक केले होते आणि त्याचं शोरूम झालं होतं. वर ट्यूबलाइटची रांग, खाली पांढऱ्या चकचकीत फरश्या, दोन्ही बाजूंना डोळे दिपतील अशी स्टीलची भांडी. मी पिशवीकडे बघत चार पावलं टाकली आणि माझा पाय खाली गेला. पातेल्यांची उतरंड धरली म्हणून वाचले. मागं वळून बघितलं तर दुकानाच्या मधोमध पायरी होती. दोन गाळ्यांच्या उंचीत फरक, चार बोटांचा. वरही पांढरी फरशी, खालीही पांढरी फरशी, मधे ना पट्टी ना रंग ना पाटी. वरून बघणाऱ्याला ती दिसायचं कारणच नव्हतं. पायरीच्या बरोबर वर, छताच्या हुकाला एक काळी बाहुली लटकत होती. नवं दुकान, नजर लागू नये म्हणून बांधली असेल, असं मनात म्हणून मी पुढं गेले. तिच्याकडे मी त्याच दिवशी नीट बघायला हवं होतं.

"शेठ, ही पायरी दिसत नाही," मी म्हणाले.

"मॅडम, रोज शेकड्यानं माणसं जा-ये करतात इथून."

"मी आत्ता पडत होते."

"तुम्ही गडबडीत होतात."

मी गडबडीत होते, आबांना चक्कर आली होती. पायरी बिचारी जागच्या जागी होती.

मग शेठनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "दवाखान्याचं काय होईल ते मी बघतो. मनात काही ठेवू नका." मी म्हणाले, पैसे नकोत. ते गोंधळले. खरंच गोंधळले, ढोंग नव्हतं. "मग काय पाहिजे तुम्हाला?"

मला काय पाहिजे होतं? मला पाहिजे होतं की त्यांनी बाहेर जाऊन आबांना सांगावं, काका, ती पायरी आमची चुकलीय, तुमची काही चूक नाही. एवढंच. मी ते बोलून दाखवलं. शेठ माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी दुकानाची किल्ली मागितली. "असं कसं म्हणायचं मॅडम? उद्या आणखी कोणी पडलं तर?" म्हणजे उद्या आणखी कोणी पडेल हे त्यांना कळत होतं. तयारी फक्त ते न बोलण्याची होती.

आबा बाहेरून म्हणाले, "जाऊ दे गं. शेठनं च्या पाजला मला." मी पिशवी उचलून बाहेर आले. आबांचं हे कायमचं. ज्याच्या दारात लागलं त्यालाच अवघडू नये म्हणून आपला दोष पुढं करायचा. गाडीत कुणी पायावर पाय दिला तरी आधी आबाच सॉरी म्हणत.

डॉक्टरांनी भुवईला दोन टाके घातले, मनगटाला पट्टी गुंडाळली आणि म्हणाले, मुका मार आहे, आठ-दहा दिवसांत बरा होईल. तो झालाही. डॉक्टरांचं काही चुकलं नाही. जे बरं झालं नाही ते त्यांच्या खोलीत दिसणारं नव्हतं.

आबा घरात भिंत धरून चालायला लागले.

पहिल्यांदा मला वाटलं, मनगट दुखतंय म्हणून तोल सांभाळतायत. मग पाहिलं, न्हाणीकडे जाताना उजवा हात भिंतीवरून फिरत जातोय. ओट्यावरून उतरताना थांबतायत, खाली बघतायत, पाय पुढं करून परत घेतायत. दोन आठवड्यांनी म्हणाले, "एक काठी बगावी म्हनतो." बाजाराचा दिवस आला, गेला. पांढरा शर्ट मी तीनदा धुतला, डाग पुसट झाले, इस्त्री करून दांडीवर लावला. तो तिथंच लटकत राहिला. शेजारचे काका विचारायला आले, "आज भोर न्हाई का?" तर आबा म्हणाले, "पायच गेले आता. चालत्या गाडीत कधी न्हाई पडलो, आन् उभ्या दुकानात पडलो."

हे ते हसत म्हणाले. मला चुलीवरचं पातेलं उचलून आपटावंसं वाटलं.

आणि आता कबूल करते, त्यात माझाही हात होता. पडले त्याच संध्याकाळी मीच म्हणाले होते, "आता एकट्यानं कुठं जायचं नाही. जायचं तर रविवारी, माझ्याबरोबर." काळजीनं म्हणाले. पण मीही शेठसारखंच पायरी सोडून माणसालाच धरलं. शाळेत एकदा पाण्याच्या टाकीपाशी शेवाळावर एक मुलगा घसरला, त्याचं कोपर सोललं. त्याच्या आईला मी पहिलं वाक्य काय म्हणाले? "फार पळतो हो तुमचा." शेवाळ महिनाभरापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं. आबा पडेपर्यंत मला ते वाक्य आठवलंही नव्हतं. आता आठवलं की कान तापतात.

दुकानदारानं काय करावं हे सांगायला मोठं शहाणपण लागतं असं मला वाटत नाही. राजगडाच्या पायथ्याला पालीमध्ये एक बाई घरगुती जेवण देतात. गडावरून उतरणारी मंडळी त्यांच्या पडवीत बसून पिठलं-भाकरी खातात. आम्ही शिक्षक एकदा तिथं जेवायला होतो. वाढताना कढत आमटी एका पोराच्या मनगटावर सांडली. पुण्याचा पोरगा होता, स्वतःच म्हणाला, माझाच हात मधे आला. बाईंनी तव्यावरची भाकरी तशीच जळू दिली. त्याला हात धरून हंड्यापाशी नेलं, तांब्यावर तांब्या पाणी ओतत राहिल्या आणि वर त्यालाच दटावलं, "तुझा कशाला? वाटच अडचनीची हाय हितली. म्याच पानं लई जवळ मांडली." पोराचा चेहरा मला आठवतो. भाजलेलं दुखत होतं, पण तो ताठ बसला होता. पुढच्या वेळी आम्ही गेलो तर पडवीत पानांच्या दोन रांगांऐवजी एकच रांग होती. त्या बाईंना कुणी काही शिकवलं नव्हतं. त्यांनी कागदावर काही लिहून घेतलं नाही, घाबरून वकिलाला विचारलं नाही. आधी पाणी, मग "माझं चुकलं", मग रांग बदलली.

आणि आमच्या भोरच्या शेठनी काय केलं? सत्कार केला.

मी गंमत करत नाही. दीड महिन्यानं शेठ स्वतः घरी आले, पेढे घेऊन. नव्या शोरूमला वर्ष होणार होतं, त्यानिमित्त जुन्या, विश्वासू गिऱ्हाइकांचा सत्कार ठेवला होता. "काकांचं नाव पहिलं," ते म्हणाले. आपल्याकडे काहीही अवघड झालं की त्यावर शाल घालतात. रस्ता खचला की सत्कार, शाळेचं छत गळलं की ते बघून गेलेल्या साहेबांचा सत्कार. ज्याला तक्रार करायचा हक्क आहे त्याला एकदा खुर्चीवर बसवून नारळ दिला की तो गप्प होतो, कारण नारळ हातात असताना माणसाला भांडता येत नाही. मला ते कळत होतं, आणि मी नाही म्हणणार होते. पण आबांनी दांडीवरच्या शर्टाकडे बघितलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा बघितलं. मग मी काय बोलणार?

गेलो. मी स्कूटी नेली नाही, जीप केली. आबा माझा दंड धरून उतरले. दुकानात मांडव, फुगे, स्पीकर. आणि जिथं पायरी होती तिथून, वरपासून खालपर्यंत, लाल गालिचा अंथरलेला. आधी निदान पांढऱ्यावर पांढरं होतं, डोळे फाडून बघितलं तर कड दिसली असती. आता कडच नव्हती. शेठनी आबांचं कोपर धरलं आणि माइकवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, सावकाश, सावकाश." सगळे आबांच्या पायांकडे बघायला लागले. आबांची मान खाली गेली.

शाल घातली. नारळ दिला, गुलाबाचं फूल दिलं. शेठ भाषणात म्हणाले, "काका आमच्या दुकानात पडले, पण त्यांची आमच्यावरची माया कमी झाली नाही. असे ग्राहक म्हणजे आमचं भाग्य." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडणं हा आबांचा मोठेपणा झाला होता, आणि पडू देणं हा दुकानाचा. फोटो निघाले. फोटो संपेपर्यंत ते व्हॉट्सअॅपवर गेलेसुद्धा, माझ्या मोबाईलवर दोन नातेवाइकांचे अभिनंदनाचे मेसेज आले. मी दात आवळून बसले होते. आबा खुर्चीवर शाल सावरत, नारळ मांडीवर धरून, फार लहान दिसत होते.

बसल्या बसल्या माझी नजर वर गेली. पायरीवरच्या त्या हुकाला आता दोन बाहुल्या होत्या. जुनी, धुळीनं करडी झालेली. आणि शेजारी नवी, काळी कुळकुळीत.

तेवढ्यात दुकानात झाडलोट करणाऱ्या मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या. सारोळ्याहून रोज एसटीनं येणारी साठीची बाई. आबांना ओळखत होत्या, "तुमच्या गाडीनं लई फिरलेय मी," म्हणाल्या. मी वर बोट दाखवून विचारलं, "मावशी, बाहुल्या दोन कशा?"

"एक त्या कालेजच्या पोरीच्या वक्ताची," त्या सहज बोलल्या. "आन् दुसरी आबांच्या."

"कुठली कॉलेजची पोरगी?"

"पडली न्हाई का हितंच. दुकान नवं झालं तवा, म्हैन्याभरात. गुडघा फुटला बिचारीचा. त्याच्या आदी एक गडी पडला कळश्या घिऊन. मग शेठ म्हनले जागंला कायतरी दोष हाय, आन् बाहुली बांदली. तरी आबा पडले. मग दुसरी बांदली."

आबांनी कप खाली ठेवला.

"कालेजची पोरगी पडली?" त्यांनी विचारलं. "म्हंजी तरनीताठी?"

"व्हय तर. वीस वर्साची असंल. हितं कुनीबी पडंल आबा. मी सोता दोनदा धडपडले. तुमचा काय दोष न्हाई त्यात."

हे वाक्य. दीड महिना मी ज्याच्यासाठी तडफडत होते ते वाक्य, ट्रे हातात धरून, चहा निवायच्या आत, त्या बाईनं देऊन टाकलं. ते द्यायला काही लागलं नाही. शेठना ठाऊक होतं. पहिला माणूस पडला तेव्हापासून ठाऊक होतं. त्यांनी जागेवर उपाय केला, दोनदा केला, छताला केला. जमिनीला चार बोटं रुंद पिवळा पट्टा मारायचं सुचलं नाही, आणि घरी बसलेल्या माणसाला "तुम्ही तिसरे" एवढं सांगायचं सुचलं नाही. जागेला दोष आहे हे बाहुलीला सांगितलं, आबांना नाही.

आबा उठले. मी हात पुढं केला तो त्यांनी बघितला नाही. नारळ माझ्या मांडीवर ठेवला आणि शाल अंगावर तशीच घेऊन ते दुकानाच्या मधोमध गेले. वाकून गालिच्याची कड धरली आणि सरळ मागं ओढली. दोन फुलदाण्या आडव्या झाल्या. शेठ धावत आले. "काका, काका, काय झालं?"

"शेठ, हितं पायरी हाय."

"हो काका, माहितीय की."

"तुमास्नी म्हायती हाय. येनाऱ्याला कुठं म्हायती हाय?"

शेठ हसले, आजूबाजूला बघितलं आणि फुलदाण्या उभ्या करायला वाकले. आबा पायरी उतरले. परत चढले. परत उतरले. काहीही न धरता. त्यांचे ते पाय मी लहानपणापासून ओळखत होते, किंचित फाकलेले, गुडघ्यात सैल, गाडीचा धक्का आधीच ओळखणारे. दारातून एक जोडपं भांडी बघत आत येत होतं, बाईच्या कडेवर लेकरू. आबा वळले, एक हात वर केला आणि स्पीकरच्या वर जाईल अशा आवाजात ओरडले,

"पायरी बघून उतरा!"

ती बाई थबकली, खाली बघितलं, पाय जपून टाकला आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलं बाबा." मला हुंदका आला आणि मी तो नारळाच्या शेंडीत लपवला. आबा पुढचा अर्धा तास तिथून हलले नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला आरोळी. शेठनी त्याचाही फोटो काढायला लावला आणि संध्याकाळी तो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं होतं, काकांचा उत्साह. चूक आपली होती असं शेठ त्या दिवशीही म्हणाले नाहीत. आजपर्यंत म्हणालेले नाहीत. परवा मावशी एसटीत भेटल्या, त्या सांगत होत्या, पिवळा पट्टा अजून मारलेला नाही, पण बाहुल्यांच्या शेजारी आता लिंबू-मिरची आली आहे. हे ऐकून मी इतकी चिडले की माझा थांबा चुकला.

पण ते नंतरचं. सत्कारानंतरच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. दीड महिना आम्ही भात पातेल्यातच शिजवत होतो. रिंग नसरापूरलाही मिळाली असती, मला रोज दुकान लागतं वाटेत. मी आणली नाही. आणली असती तर आबा आता भोरला जाणार नाहीत असं मीच जाहीर केल्यासारखं झालं असतं. झाकण खिळ्याला टांगलेलं होतं, पडताना त्याच्या मुठीचा कोपरा उडाला होता.

मागं पावलं वाजली. भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज नव्हता. आबा पांढरा शर्ट घालून उभे होते, डाग अजून पुसट दिसत होता, त्यावर खिशाला पेन. काठी कोपऱ्यात होती.

मी येऊ का बरोबर, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. ते गिळताना जेवढा त्रास झाला तेवढा शेठशी भांडताना झाला नव्हता.

"झाकन दे," आबा म्हणाले. "रिंग आनतो."